कृषी संशोधनातली रिकामी पदे आणि आपला विदर्भ

काळीमाती

खरीप जवळ आला की आपल्या या ऑनलाइन मंचावर बियाण्यांचे धागे निघतात. कोणते वाण घ्यावे, कोणाची सरकी चालली, सोयाबीन घरचेच पेरावे का. यंदा मला त्याच्या एक पायरी मागे जायचे आहे. ही वाणे जिथे तयार होतात तिथे माणसे किती उरली आहेत?

आपल्या शहरात काय काय आहे याची नागपूरकरांनाच पुरती कल्पना नसते. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. अमरावती रोडला देशाच्या मृद सर्वेक्षणाचे मुख्यालय. त्याच रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था, १९८५ ची. वाडीकडे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र. महाराजबागेला लागून १९०६ चे कृषी महाविद्यालय, जे आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. ते विद्यापीठ तरी आपल्याला सहज कुठे मिळाले? त्यासाठी विदर्भात आंदोलन झाले, माणसे गेली, तेव्हा २० ऑक्टोबर १९६९ ला ते उभे राहिले.

आता पैसा बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षण विभागाला १०,४६६ कोटी रुपये दिले. आदल्या वर्षी ९,९४१ कोटी होते. म्हणजे वाढ सव्वापाच टक्के, त्यातली बरीचशी महागाई आणि पगारवाढ खाऊन टाकणार. याच अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानाला साधारण १ लाख ६७ हजार कोटी आणि पीएम-किसानला ६३,५०० कोटी होते. ते पैसे बंद करा असे माझे मुळीच म्हणणे नाही, माझ्या घरीही ते येतात. पण कोणते खत कोणत्या जमिनीला किती लागते हे शोधणाऱ्याच्या वाट्याला खताच्या अनुदानाच्या सोळाव्या हिश्शाएवढाही पैसा येत नाही, आणि त्याच पैशात देशभरच्या केंद्रीय संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, शिक्षण, मत्स्य, पशू सगळे बसवायचे.

तरी पैसा हे अर्धेच दुखणे आहे. मोठा हिस्सा पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. उरलेल्यात प्रयोग करायचे, मजूर लावायचे, गाडीत डिझेल टाकायचे. आणि पगार ज्या पदांसाठी मंजूर आहे त्यातली कितीतरी पदे भरलेलीच नाहीत. एक जण निवृत्त होतो, जाहिरात निघत नाही, शेजारच्या विभागाच्या माणसाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो, मग तोही निवृत्त होतो. राज्याच्या चारही कृषी विद्यापीठांत हे वर्षानुवर्षे चालले आहे.

मी कृषीत पदव्युत्तर शिकलो, काही काळ प्रकल्पावर कंत्राटी काम केले, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. मला वाटते ते असे: संशोधनाला पैसा वाढवून मागण्याआधी मंजूर पदे कायमस्वरूपी भरून मागितली पाहिजेत. माणूस टिकला नाही तर नवी प्रयोगशाळाही कुलूपबंद राहते. पटत नसेल तर खोडून काढा, पण या विषयावर बोला.

आकडेमोड

धागा फार गरजेचा. थोडी भर घालतो.

२०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आला होता. कृषी संशोधनात, शिक्षणासह, गुंतवलेल्या एका रुपयामागे १३.८५ रुपये परतावा मिळतो. २०२२-२३ मध्ये देशाने यावर सुमारे १९,६५० कोटी खर्च केले, असेही त्यात आहे. सिंचन, रस्ते, वीज या सगळ्यांचे महत्त्व मान्य करूनही इतका परतावा देणाऱ्या सरकारी खर्चाच्या बाबी मोजक्याच असतील. तरीही शेतीच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर आपण अर्ध्या टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. निदान एक टक्का तरी हवा, हे समित्या आणि अभ्यासक कित्येक वर्षे सांगत आले आहेत.

एवढा परतावा असताना पैसा का येत नाही? कारण तो दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. आज मंजूर केलेल्या पदावरचा माणूस जे वाण काढेल ते तीन निवडणुकांनंतर शेतात येईल. अनुदान त्याच वर्षी खात्यात दिसते.

ब्राझीलचे उदाहरण नेहमी देतात, पण त्यातली मनुष्यबळाची बाजू कोणी सांगत नाही. १९७३ मध्ये त्यांनी एम्ब्रापा ही सरकारी कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिथल्या सेराडो या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाची जमीन आम्लधर्मी, निकस, तिथे काही पिकत नाही असाच समज होता. पहिल्या वर्षांत त्यांनी शेकडो तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले आणि परत आल्यावर त्यांना पक्क्या नोकऱ्या दिल्या. मग चुना टाकून जमीन सुधारणे, उष्ण कटिबंधात येणारी सोयाबीन शोधणे ही कामे त्याच लोकांनी वर्षानुवर्षे केली. आज त्या सोयाबीनशी आपल्या लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याची स्पर्धा आहे.

पऱ्हाटी

काळीमाती भाऊ, राग नका मानू. तुमी पैशाच्या अन् पदाच्या गोष्टी करून राहिले, पण आमच्या वावरात तर कोणीच येऊन नाही राहिलं. मी हिंगणघाटकडचा. बारा एकर कोरडवाहू. १७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तवा आमाले कोणी सांगतलं नाही का हे येणार हाये. औषध मारता मारता तिकडं यवतमाळात मजूर मेले. तवा हे शास्त्रज्ञ कुठं होते? आता त्यांची पदं भरा म्हणता, त्याचा आमाले काय फायदा? दुकानदार सांगते तेच बियाणं आमी घेतो, दुकानदार सांगते तेच औषध मारतो. काऊन का तोच एक माणूस हजर असते.

पैदासकार_निवृत्त

पऱ्हाटी भाऊ, तुमचा राग रास्त आहे. ‘शास्त्रज्ञ कुठे होते’ याचे उत्तर द्यायला हवे, म्हणून जरा लांब लिहितो. माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांवर गेली, बरीचशी तुरीवर.

बोंडअळीचे आधी. बीजी-२ वर, म्हणजे बोंडअळी मारणारी जनुके घातलेल्या बीटी कापसावर, गुलाबी अळी जगते आहे हे २०१७ च्या आधीच गुजरातेत दिसले होते, आणि नागपूरच्या संस्थेतून तसे इशारेही दिले गेले. इशारा होता. तो तालुक्यापर्यंत पोचवणारी साखळी नव्हती. पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावणे, दर आठवड्याला पतंग मोजणे, हिरवी बोंडे फोडून बघणे, अळ्या प्रयोगशाळेत आणून त्यांची प्रतिकारशक्ती तपासणे, हे सगळे माणसांचे काम आहे आणि ते त्याच ठिकाणी दरवर्षी व्हावे लागते. ज्या केंद्रावर कीटकशास्त्रज्ञाचे पद रिकामे, तिथे त्या भागाची नोंदच होत नाही. मग आकडा शेजारच्या जिल्ह्यावरून धरला जातो.

आता वाण कसे तयार होते ते ऐका. दोन वाणांचा संकर करतो. दुसऱ्या पिढीपासून पाच-सहा पिढ्या एकेक झाड निवडत जावे लागते. हजारो ओळी असतात आणि पैदासकार रोज त्यांतून फिरतो. कोणत्या ओळीला फुले लवकर लागली, कोणती पावसाच्या खंडात तगली, कोणती शेंग फुटते, हे वहीत असते आणि त्याहून जास्त त्याच्या डोळ्यांत असते. मग केंद्रावरच्या चाचण्या, मग विद्यापीठाच्या वेगवेगळ्या केंद्रांवर, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात तीन वर्षे. त्यानंतर चार विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत (ॲग्रेस्को) शिफारस, मग अधिसूचना. मग पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. धरून चाला दहा-बारा वर्षे. त्यात पाचव्या वर्षी पैदासकार निवृत्त झाला आणि तीन वर्षे त्या जागी कोणी आले नाही, तर त्या हजार ओळींचे बियाणे शीतगृहात पडून उगवणशक्ती गमावते, किंवा कोणी तरी फक्त ‘जिवंत ठेवायला’ पेरते आणि निवड होतच नाही. नवा माणूस शून्यावरून सुरू करतो. कागदावर तीन वर्षे वाया गेली असे दिसते, प्रत्यक्षात आठ जातात.

तुरीच्या मर रोगाचे सांगतो. प्रतिकारक ओळ शोधायची तर मुद्दाम रोगट केलेला पट्टा लागतो, आम्ही त्याला सिक प्लॉट म्हणतो. त्या मातीत बुरशी वर्षानुवर्षे वाढवत न्यावी लागते, दरवर्षी रोगाला बळी पडणारे वाण पेरून ती जागती ठेवावी लागते. असा पट्टा तयार व्हायला बरीच वर्षे लागतात. दोन हंगाम रोगशास्त्रज्ञ नाही, पट्ट्यात कोणी तरी ज्वारी पेरली, की गेले. बदनापूरहून बीएसएमआर ७३६ आले, पुढे बीडीएन ७११ आले, मर आणि वांझ रोगाला टिकणारी तूर मराठवाड्या-विदर्भात पोचली. त्यामागे असे पट्टे आणि ते सांभाळणारी माणसे होती. त्या तुरीचे बियाणे शेतकरी घरी ठेवू शकतो, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.

माझ्या केंद्रावर एके काळी पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ, कृषिविद्यावेत्ता, खाली वरिष्ठ आणि कनिष्ठ संशोधन सहायक, कृषी सहायक, आणि प्लॉटची नस ओळखणारे जुने मजूर होते. मी निघालो तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर कोणी नव्हते आणि माझ्याकडे तीन पिकांचा कार्यभार होता. मजूर गेले हे लोक विसरतात. संकर करताना सकाळच्या ठराविक वेळात फुलाचे पुंकेसर काढायचे असतात, ते हात शिकवून तयार होतात. बाह्यस्रोताने आठवड्याला नवा माणूस पाठवला तर ते काम होत नाही.

जंबेरी

पैदासकार काकांच्या पोस्टला संत्र्याची जोड देतो. काटोलला आमची बाग आहे, आजोबांपासून.

तुरीला बारा वर्षे लागतात म्हणता, तर संत्र्याचे गणित बघा. कलम लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी फळ. त्याची चव, साल, बिया, टिकाऊपणा निदान चार-पाच बहार बघायचा. म्हणजे एका निवडीचा निकाल लागायलाच दहा वर्षे, आणि मग खुंटावर, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात त्यावर, चाचणी वेगळी. जंबेरी खुंटावर बांधलेली झाडे भारी जमिनीत, पाणी साचले की डिंक्या रोगाला बळी पडतात. रंगपूर लाइम हा दुसरा खुंट त्यात बरा तगतो, पण सगळीकडे नाही. कोणता खुंट कोणत्या जमिनीत, हे सांगायला वीस वर्षे त्याच झाडांकडे बघणारा माणूस पाहिजे. इथल्या संस्थेने रोगमुक्त कलमांचे तंत्र आणले, बिनबियांच्या नागपुरी संत्र्याची निवड दिली, त्यामागे असेच लांबलचक काम आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण आंबिया बहाराची फळगळ दर पावसाळ्यात बागा रिकाम्या करते, आणि ती बुरशीने की अन्नद्रव्याने की पाण्याने, हे प्रत्येक बागेत वेगळे निघते. त्यासाठी तालुक्याला फिरता तज्ज्ञ लागतो, तो नाही. गेल्या हंगामात एका सरकारी कार्यालयात मी पाने-माती घेऊन गेलो, तर पद रिक्त आहे म्हणून नमुने परत दिले.

सीताबर्डी_बाजार

मी बियाणे क्षेत्रात खाजगी कंपनीत काम करतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. देशातल्या कापसाखालचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज बीटी आहे आणि ते जवळजवळ सगळे खाजगी संकरित वाणांचे. शेतकऱ्यांनी ते कोणाच्या सक्तीने घेतले नाही. सरकारी बीटी सरळ वाण (संकरित नसलेले, ज्याचे बियाणे घरी ठेवता येते) २००९ च्या हंगामात आले आणि जनुकाच्या शुद्धतेचा प्रश्न निघाल्यावर मागे घ्यावे लागले, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे पद सहा महिने रिकामे राहिले तर वरून विचारणा होते. सरकारात ते सहा वर्षे राहते आणि कोणालाच विचारले जात नाही. मग नुसती भरती करून काय होणार? कामाचा हिशोब घेणारी व्यवस्था आधी आणा. खाजगी कंपन्यांशी भागीदारी करा, सरकारने फक्त पैसा द्यावा.

काळीमाती

सीताबर्डी, हिशोब घेतलाच पाहिजे, तिथे आपण एकत्र आहोत. पण दोन गोष्टी राहतात.

जगातले पहिले व्यापारी संकरित कापूस वाण एच-४. ते १९७० मध्ये सुरतच्या सरकारी केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी दिले. आज खाजगी कंपन्या ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया सरकारी पगारावर घातला गेला. विदर्भात सोयाबीन पसरले ते जबलपूरच्या विद्यापीठाने १९९४ मध्ये दिलेल्या जेएस-३३५ वर, आणि अलीकडे ज्याला मागणी आहे ते फुले संगम सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्राचे आहे.

दुसरे, कंपनी त्याच पिकात उतरते जिथे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यात तिचा दोष नाही, तिला नफा हवाच. पण जवसावर कोण काम करणार? नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर काम चालत आले आहे, कोणती कंपनी ते हाती घेईल? कोरडवाहू हलक्या जमिनीच्या सरळ कापूस वाणांचेही तेच. जगातले इतर मोठे कापूस देश सरळ वाणे दाट लावतात, लवकर पीक घेऊन रान मोकळे करतात, म्हणजे शेवटच्या वेचणीत बोंडअळीला अन्नच उरत नाही. आपण संकरित वाण विरळ लावून फेब्रुवारीपर्यंत फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपला तरी तेच पीक रानात राखतो. आपली सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास अडकली आहे, विदर्भात त्याहून खाली. सघन लागवडीची चाचणी नागपूरची संस्था आता शेतकऱ्यांच्या शेतावर घेते आहे. बियाणे शेतकऱ्याकडेच राहणार असेल तर या कामात खाजगी पैसा कशाला येईल?

२००९ चे जे तुम्ही लिहिले त्यावरून मी उलटा निष्कर्ष काढतो. जनुक शुद्धतेची तपासणी हे काटेकोर, पुन्हा पुन्हा करायचे काम आहे. त्यासाठी मोठे, टिकाऊ पथक लागते. दोन-तीन माणसांच्या खांद्यावर ते टाकून चालत नाही.

रब्बी_ज्वारी

मी सध्या एका संशोधन संस्थेत कंत्राटी आहे, नाव सांगत नाही. पीएचडी झाली आहे.

बाहेरून वाटते की कंत्राटी का होईना, माणूस तर आहे. आत काय होते ते सांगते. प्रकल्प तीन वर्षांचा, मंजुरीपत्र उशिरा येते, पहिला खरीप हातचा जातो. उरतात दोन हंगाम. माझी नेमणूक वर्षाची, मुदतवाढ मिळेल की नाही ते शेवटच्या आठवड्यात कळते. त्यामुळे डिसेंबरपासून सगळे कंत्राटी लोक दुसरीकडे अर्ज करत असतात आणि जानेवारीत, कापसाच्या शेवटच्या नोंदी चालू असताना, कोणी ना कोणी सोडून जाते. नोंदी त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या पद्धतीने लिहिलेल्या. मागच्या माणसाने कोणत्या ओळींना टॅग बदलले हे मला शेवटपर्यंत कळले नाही, तो सगळा प्रयोग आम्हाला सोडून द्यावा लागला.

घरभाडे, रजा, बाळंतपण यांचे नियम तर दूरच. माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांकडे गेल्या. त्या हुशार होत्या, त्यांना हे काम आवडत होते. कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा देऊन बसायचे, जागा निघतील तेव्हा निघतील. राज्य विद्यापीठांत तर जाहिरात निघून ती रद्द होते, आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा) बदलतो, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम) पुन्हा तपासली जाते, वय निघून जाते.

मला पगार वाढवून नको आहे असे नाही, पण त्याआधी मला पाच वर्षांची खात्री हवी आहे. एका पिकाचे पाच हंगाम मी बघू शकले तर मी काही तरी देऊन जाईन.

आकडेमोड

रब्बी_ज्वारी ताई, हे लिहिल्याबद्दल आभार. ‘कायमस्वरूपी की कंत्राटी’ याचा खर्च कोणी मांडतच नाही. सोडून दिलेल्या प्रयोगाची किंमत कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पैसा कुठून आणायचा यावर जुना मार्ग सांगतो. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी झाली. १९२३ च्या कायद्याने कापसावर छोटा उपकर लावला, तो थेट कापूस संशोधनालाच जात असे. त्यातून १९२४ मध्ये माटुंग्याची तंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, जी आजची सिरकॉट, म्हणजे कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था, आणि इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेलाही त्याचाच आधार होता. पुढे १९४० च्या कायद्याने शेतमालाच्या निर्यातीवर उपकर लावून तो १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन परिषदेला देत. हा कायदा २००६ मध्ये रद्द झाला. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे या देशात शेतमालाच्या व्यापारातून संशोधनाला बांधील पैसा मिळत होता. आता जो येतो तो दरवर्षी मागावा लागतो. आणि समन्वित प्रकल्पांत ७५ टक्के केंद्र, २५ टक्के राज्य अशी विभागणी असते, त्यात राज्याचा वाटा अडला की संशोधन केंद्रावरच्या माणसांचे पगार रखडतात.

बाजार समितीच्या फीमधून किंवा कापसाच्या गाठीवर पुन्हा असा उपकर लावता येईल.

पऱ्हाटी

उपकराचं नाव घेऊ नका बा. व्यापारी स्वतःच्या खिशातून भरते काय? तो आमच्या भावातूनच कापते. कापूस सात हजारानं इकून आमी शास्त्रज्ञाचा पगार काढायचा? निर्यातदारावर लावा, गिरणीवर लावा.

पण पैदासकार काकाचं ते सिक प्लॉटचं वाचलं. आमच्याकडं तूर उधळते, अर्धी वाळते, आमाले वाटे पाण्यानं होते. बीडीएन ७११ एका पावण्याकडून आणली होती दोन साल आधी, ती तगली. ती सरकारी हाये हे मले आज समजलं. असं असेल तर माणसं भरा, माझी ना नाही. फक्त एक लिहा त्याच्यात. जो भरल त्यानं महिन्यातून एकदा तरी वावरात आलं पाहिजे.

पैदासकार_निवृत्त

पऱ्हाटी भाऊ, ही अट मी मनापासून मान्य करतो. पूर्वी केंद्राला जीप होती आणि डिझेल होते, तेव्हा आम्ही जायचो. शेतकऱ्याच्या बांधावर दिसलेली लक्षणे आमच्या प्लॉटवर कधीच दिसत नसत. आज गाडी आहे तर चालक नाही.

उपकराबाबत मीही साशंक आहे. व्यापाऱ्यावर लावलेला कर खाली उतरतो हे खरे. निर्यातीवरचा उपकर निदान मोठ्या व्यापारातून येत होता.

अकोल्याला खतांचा दीर्घकालीन प्रयोग आहे, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. ज्वारी-गहू, त्याच तुकड्यांना दरवर्षी तीच खते. शेणखत सोडून नुसता युरिया टाकत गेले तर काळी जमीन कुठे जाते, हे असल्याच प्रयोगातून कळते. इंग्लंडात रॉथमस्टेडला असा प्रयोग १८४३ पासून अखंड चालू आहे. अशा प्रयोगात एक वर्ष सुटले तर ते परत आणता येत नाही. खताच्या अनुदानावर वर्षाला लाख कोटींहून अधिक खर्च करणाऱ्या देशाने या तुकड्यांवर राबणाऱ्या चार माणसांचा पगार हा प्रश्नच उरू देता कामा नये.

जंबेरी

काही करता येईल का ते बोलू. हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते. विदर्भातले सगळे आमदार महिनाभर आधीपासून प्रश्न गोळा करत असतात. रिक्त पदांवर भाषण करण्यापेक्षा तारांकित प्रश्न द्यायला सांगू. माझ्या ओळखीचे दोन जण आहेत, एक सत्तेतले, एक विरोधातले. दोघांनाही देतो.

रब्बी_ज्वारी

प्रश्न नेमका हवा. ‘किती पदे रिक्त आहेत’ असे विचारले की एक बेरीज येते आणि ‘भरतीची कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर मिळते. संशोधन केंद्रनिहाय आणि विषयनिहाय विचारा. कोणत्या केंद्रावर पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ ही पदे किती वर्षांपासून रिकामी आहेत. वर्षे विचारणे महत्त्वाचे. आणि त्या काळात त्या केंद्रावरचे किती प्रयोग बंद पडले किंवा अपुरे सोडले, हेही.

सीताबर्डी_बाजार

माझे दोन मुद्दे घाला. भरलेल्या पदावरच्या माणसाने पाच वर्षांत काय दिले, याचे सार्वजनिक विवरण. आणि पद रिकामे झाल्यापासून किती दिवसांत जाहिरात निघावी याची मुदत. निवृत्तीची तारीख तर नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते, मग जाहिरात वर्षभर आधी का निघू नये?

पैदासकार_निवृत्त

उत्तम मुद्दा. त्यात एक जोड द्या: जुना आणि नवा माणूस निदान एक हंगाम एकत्र राहावेत, म्हणजे प्लॉट, वही आणि मजूर यांची ओळख होऊन हवाली होईल. आकृतिबंधात आज याला जागाच नाही, एका पदावर दोन माणसे चालत नाहीत म्हणतात. त्यासाठी वित्त विभागाची मान्यता लागेल, म्हणून प्रश्न कृषी आणि वित्त अशा दोन्ही मंत्र्यांना जायला हवा.

काळीमाती

मसुदा करतो. केंद्रनिहाय आणि विषयनिहाय रिक्त पदे, रिक्त असल्याची वर्षे, बंद पडलेले प्रयोग, जाहिरातीची मुदत, एक हंगाम हवाली, पाच वर्षांचे विवरण, आणि पऱ्हाटी भाऊंची अट: महिन्यातून एक शेतभेट, गाडी-डिझेलच्या स्वतंत्र तरतुदीसह. केंद्रीय संस्थांचा विषय विधानसभेत येणार नाही, त्यासाठी खासदारांकडे वेगळा अर्ज करावा लागेल, तोही लिहितो. उपकर यात घेत नाही, त्यावर आपले एकमत नाही. आकडेमोड, त्याचा वेगळा धागा काढा.

कोणाला आपल्या तालुक्याजवळच्या संशोधन केंद्राची प्रत्यक्ष माहिती असेल तर इथे टाका. फक्त पदाचे नाव आणि ते कधीपासून रिकामे आहे एवढेच, व्यक्तीची नावे नकोत. सिंदेवाही, तारसा, साकोली, यवतमाळ या बाजूचे कोणी वाचत असेल तर तिथून सुरुवात करू.

पऱ्हाटी

हिंगणघाटकडचं मी पाहून सांगतो. सोमवारी बाजाराले जाणारच हाये.